‘सबमिट’नंतरचं शेवटचं बटण

जुलै सरत आला की सकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये हमखास ऐकू येतं, ‘रिटर्न भरलास का रे?’ पूर्वी त्यासाठी कागद घेऊन ठाण्या-कल्याणच्या आयकर कार्यालयात जावं लागे. आता विवरणपत्र मोबाइलवरून जातं आणि त्याची छाननी बेंगळुरूच्या केंद्रात होते.

कंपनीकडून जूनच्या मध्यापर्यंत फॉर्म १६, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा दाखला, मिळतो. तो आयकर पोर्टलवरच्या २६एएस (कापलेल्या कराची नोंद) आणि एआयएस (वर्षभराच्या व्यवहारांचं विवरण) यांच्याशी ताडून पाहा. मुदत ठेवीचं विसरलेलं व्याज तिथेच सापडतं. पगारदारांची नेहमीची मुदत ३१ जुलै. ती हुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं. पण उत्पन्न पाच लाखांवर असेल तर विलंबशुल्क ५,००० रुपये. आणि हो, आधार ओटीपीने किंवा अन्य मार्गाने पडताळणी होईपर्यंत भरलेलं न भरल्यासारखंच! त्यासाठी ३० दिवस मिळतात.