सिग्नलला पुढे सरकणारी स्कूटर

चाकणच्या तळेगाव चौकात पाळी सुटायच्या वेळी अर्धा किलोमीटर जायला किती वेळ लागेल, हे कुणी सांगू शकत नाही. कंपन्यांच्या बसगाड्या, ट्रेलर, टेम्पो आणि फटीफटीतून वाट काढणाऱ्या स्कूटर. दोन फूट पुढे, ब्रेक, पुन्हा दोन फूट. गिअरची कटकट नको म्हणून घेतलेल्या या गाड्यांचा क्लच अशाच ठिकाणी झिजतो. मग मूठ पूर्ण सोडली तरी गाडी पुढे सरकते, नाहीतर निघताना हँडलसकट थरथरते.

या भागाला बिनगिअरची ही सोय तशी उशिरा मिळाली. आकुर्डीच्या बजाजची चेतक डाव्या मुठीवर गिअर बदलायला लावायची. फिरोदियांच्या कायनेटिकने होंडाशी भागीदारी करून १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आणली, आणि बटन दाबून मूठ पिळण्यापुरतंच काम उरलं. गिअरऐवजी बेल्ट वापरायची मूळ युक्ती त्याहून जुनी. हॉलंडच्या डाफ कंपनीने ती १९५८ मध्येच मोटारीत बसवली होती.

डाव्या बाजूचं लांबट झाकण उघडलं की सगळा कारभार दिसतो. पुढे इंजिनाची पुली, मागे चाकाकडची पुली, मध्ये रबरी बेल्ट. वेग वाढला की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर फेकले जातात, पुली आवळते, बेल्ट वर चढतो. गिअर बदलणं ते हेच. क्लच मागच्या पुलीवर असतो: साधारण तीन शू, त्यांना आत ओढून धरणाऱ्या छोट्या स्प्रिंगा आणि वरून पालथ्या पातेल्यासारखी लोखंडी बेल. रेस दिली की शू फाकून बेलला घट्ट धरतात. रेस सोडली की स्प्रिंगा त्यांना परत ओढतात.

बिघाड होतो तो या परत येण्यात. स्प्रिंगा ढिल्या पडतात, शूच्या पिना पावसाच्या पाण्याने गंजतात, आणि शू बेलला चिकटून राहतो. पण झाकणाला हात लावण्याआधी आयडलिंग तपासावं. ते जास्त ठेवलं असेल, तर क्लच धडधाकट असूनही गाडी सरकते. मेन स्टँडवर मागचं चाक हळू फिरलं म्हणूनही घाबरू नये. ब्रेक हलका दाबताच ते थांबलं आणि इंजिन दबलं नाही, तर बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं.

थरथरीचं कारण वेगळं. नाशिक फाट्याच्या उड्डाणपुलावर वाहतूक तुंबली की कित्येक जण ब्रेक न धरता रेसवरच गाडी चढावर तोलून धरतात. शू घसटत राहतात, तापतात, त्यांचं अस्तर चकचकीत होतं. बेल उघडली की आत निळसर डाग दिसतात, ते उष्णतेचे. डाग हलके असतील तर बेल आणि शू पॉलिश पेपरने घासून भागतं. बेलवर खाच पडली असेल किंवा अस्तर संपत आलं असेल, तर मात्र भाग बदलावेच लागतात. स्प्रिंगा एकेक नव्हे, सगळ्या एकदम बदलाव्यात. पिनांना उष्णता सोसणारं ग्रीस अगदी थोडं पुरतं. तिथे ऑइल सोडणं हा शुद्ध अडाणीपणा, कारण ते उडून शूवर गेलं की गाडी नुसती ओरडते, पळत नाही. आत आधीच तेलकट दिसलं, तर सील गळतंय का ते आधी पाहायचं. नाहीतर नवा बेल्टही वाया जाईल. आतली काळी धूळ तोंडासमोर धरून हवेने उडवू नये, मास्क लावावा.

मागच्या पुलीला आत जोरदार स्प्रिंग दाबलेली असते. ती घरी खोलायच्या भानगडीत पडू नका, बोट जाईल. गॅरेजवाल्याने थेट 'पूर्ण किट बदला' म्हटलं, तर झाकण उघडून बेल, शू आणि बेल्ट समोर दाखवायला सांगा, आणि काढलेले जुने भाग मागून घ्या.