वंशाचा रकाना

पहिल्याच तासाला बाईंनी अमेरिकेच्या जुन्या जनगणनांच्या सूचनांच्या झेरॉक्स वाटल्या. समाजशास्त्राचा वर्ग, विषय वंश आणि सत्ता. काम एवढंच: आपल्या वाट्याच्या वर्षाचे नियम वाचायचे आणि शेजाऱ्याचा वंश लिहायचा, त्याला न विचारता. 1950पर्यंत तिथे गणकच वंश लिहायचा, बहुतेकदा तोंड बघून.

1890 वाट्याला आलेला मुलगा मेटाकुटीला आला. काळ्या रक्ताचा हिस्सा निम्मा, चौथा की आठवा, यावर वेगवेगळी नावं! दारात उभं राहून हे मोजायचं कसं? 1930मध्ये ती कटकट मिटवली: हिस्सा कितीही कमी असो, लिहायचं 'निग्रो'. त्याच साली 'मेक्सिकन' हा वंश उगवला आणि पुढच्या गणनेत मावळलाही. माझ्या शेजारणीने माझ्यापुढे लिहिलं, 'हिंदू'. 1920 ते 1940 भारतीयांचा वंश तोच, मग माणूस शीख असो की मुसलमान. आम्ही पोट धरून हसलो.

पुढच्या आठवड्यात भगतसिंग थिंद यांचा खटला होता. हे पंजाबचे शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. नागरिकत्व तेव्हा गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळे. तीनच महिने आधी ताकाओ ओझावा या जपानी माणसाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला होता. कातडी गोरी असली तरी तो कॉकेशियन नाही म्हणून. थिंद तर तेव्हाच्या शास्त्राप्रमाणे कॉकेशियन! 1923मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं, शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस यांना गोरं समजत नाही.

इथवर माझा संताप सगळ्यांच्या बरोबरीचा होता. मग बाईंनी थिंद यांच्या बाजूचा युक्तिवाद वाचायला लावला. आपण उच्च जातीचे, आर्य. खालच्यांशी लग्नसंबंध आपल्याला अमेरिकी गोऱ्यांइतकेच नकोसे, असा त्याचा रोख. गोरं ठरण्यासाठी जात पुढे केली होती. संताप घशातच राहिला.

मिसिसिपीहून आलेल्या काळ्या मैत्रिणीने विचारलं, "उच्च जात म्हणजे काय गं?" मी समजावलं, पुस्तकी, तटस्थ, छान. तिने ऐकून घेतलं.

"आणि तुझी?"

पुण्यात मला हे कधी कुणी विचारलं नव्हतं. आडनाव सांगितलं की भागायचं.