कावेरीच्या मुखाशी

समुद्रकिनारा म्हटला की आपणां मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे उभे राहते ते कोकण. पाण्यापर्यंत उतरलेले डोंगर, आत शिरलेल्या खाड्या आणि दिवसातून दोनदा चालणारा भरती-ओहोटीचा तो मोठा खेळ. सरकारी नोकरीच्या ओघात माझी नेमणूक तंजावरास झाली, तेव्हा समुद्राची हीच कल्पना मी सामानाबरोबर घेऊन गेलो होतो. तेथील पहिल्याच रविवारी बसने पूर्वेकडे निघालो. एक तास झाला, दोन तास झाले. भाताची शेते संपेनात, टेकडीचे नाव दिसेना. डोंगर उतरल्याखेरीज समुद्र कसा येणार, अशी माझ्या मनाची ठाम समजूत! आणि मग एका वळणावर शेते संपली, चार माड दिसले, आणि त्यांच्यामागे, जवळजवळ जमिनीच्याच पातळीत, समुद्र पसरलेला होता.

ह्या सपाटीत त्या किनाऱ्याची सारी कथा साठवलेली आहे. कोकणचा किनारा खडकाचा. चोलमंडलाचा, म्हणजे ज्याला आपण इंग्रजांच्या मागून कोरोमांडल म्हणतो त्याचा, हा भाग नदीने आणून टाकलेल्या गाळाचा. मुंबईस मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत पाच मीटरांच्या आसपास अंतर पडते. येथे ते मीटरभरसुद्धा क्वचितच भरते. त्यामुळे पाण्याबरोबर गलबत आत घेईल अशी खोल खाडी येथे नाही. मोठी जहाजे दूर उभी राहत आणि माल लहान होड्यांतून, फुटत्या लाटांवरून, काठाला येई. बंदर म्हणजे नदीचे मुख. परंतु नदीचे मुख ही काही स्थावर मिळकत नव्हे. किनाऱ्याच्या कडेकडेने वाळू सतत सरकत असते, मुखाशी दांडा पडतो, नदी वाट बदलते, आणि काल गजबजलेले गाव आज ओस पडते. कावेरीच्या मुखाजवळच्या पन्नास-साठ मैलांत अशी गावे एकापाठोपाठ एक आहेत. प्रत्येकाला एक दिवस पुरतो. मी सुट्टीच्या दिवशी एकेक गाव पाहिले, आणि ज्यांना तंजावरचे बृहदीश्वराचे देऊळ व सरस्वती महाल ग्रंथालय पाहून लगेच रामेश्वराची गाडी धरायची घाई नसेल, त्यांनी हे दिवस काढावेत असे मला मनापासून वाटते.

मुक्कामाला तंजावरापेक्षा मयिलाडुतुरै बरे. जुने लोक त्याला मायावरम म्हणतात. तेथून पूंपुहार, तरंगंबाडी आणि चिदंबरम ही तिन्ही ठिकाणे पंचवीस ते चाळीस किलोमीटरांच्या आत येतात. हंगामाबाबत मात्र आपल्याकडचा हिशेब सोडून द्यावा. ह्या किनाऱ्यावरचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमधला, ईशान्येकडच्या वाऱ्यांचा. दिवाळीची सुट्टी साधून गेलात तर वादळाची गाठ पडण्याचा संभव फार. जानेवारी व फेब्रुवारी हे महिने उत्तम.

पहिला दिवस पूंपुहारला द्यावा, कारण कावेरी तेथे समुद्राला मिळते. तळकावेरीपासून आठशे किलोमीटर आलेली, दक्षिणेची गंगा म्हणून पूजिलेली नदी सागराला कशी भेटत असेल, ह्या उत्सुकतेने मी गेलो, आणि पाहतो तो एक लहानसा प्रवाह, तोही वाळूत अडखळणारा! थोडे वाईट वाटले. परंतु विचार केला तर हे साहजिकच आहे. पुराचे मोठे पाणी वरच्या अंगाला कोळ्ळिडम् नावाच्या फाट्याने निघून जाते आणि उरलेले शेतकरी वाटून घेतात. नदी संपते ती समुद्रात नव्हे, भाताच्या खाचरांत.

ह्याच जागी प्राचीन काळी चोळांचे कावेरीपट्टिनम् हे बंदर होते. ‘शिलप्पदिकारम्’ ह्या तमिळ महाकाव्याच्या नायिकेचे, कण्णगीचे, हे गाव. ‘मणिमेखलै’ ह्या काव्यात इंद्रोत्सव चुकल्यामुळे समुद्राने हे नगर गिळले अशी कथा आहे. कथा म्हणून ती सोडून देता येत नाही, कारण जवळच कीळैयूर येथे १९६०च्या दशकातील उत्खननात विटांचा जुना धक्का सापडला आणि त्याला लागून होड्या बांधण्याचे लाकडी खांबही मिळाले. पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी येथे शोध घेतला, तेव्हा भरती-ओहोटीच्या पट्ट्यात विटांची बांधकामे आणि मातीच्या कड्यांच्या विहिरी आढळल्या. गोड्या पाण्याची विहीर कोणी समुद्रात खणीत नाही. ती आज लाटांखाली असेल, तर समुद्र आत आला हे उघड आहे. एका रात्रीत आला की शेकडो वर्षे हळूहळू, एवढाच प्रश्न. आणि माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे.

दुसरा दिवस तरंगंबाडीचा. ह्या गावी मी चार वेळा गेलो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. पूर्वी मयिलाडुतुरैहून येथवर मीटरगेज गाडी जात असे, ती १९८६ साली बंद पडली. आता बस आहे. गावात शिरताना पांढरी वेस लागते. ती १७९२ सालची, आणि तिच्यावरचे राजचिन्ह आहे डेन्मार्कचे! इंग्रज, फ्रेंच, पोर्तुगीज, डच हे आपल्या परिचयाचे. परंतु डेन लोकांचे राज्यही ह्या देशात सव्वादोनशे वर्षे एका कोपऱ्यात नांदत होते, हे आपल्याकडील फार थोड्यांच्या ध्यानी असते. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाने हे गाव त्यांना वार्षिक खंडणीच्या कराराने दिले आणि त्यांनी लगोलग डान्सबोर्ग नावाचा किल्ला बांधला. फिक्या पिवळ्या रंगाचा तो किल्ला आज पदार्थसंग्रहालय म्हणून पाहावयास मिळतो.

किल्ल्यापेक्षा मला त्यातील एका माणसाने अधिक वेड लावले. सतराव्या शतकाच्या मध्यास डेन्मार्क युरोपातील युद्धांत गुंतले आणि इकडे जहाजे येईनाशी झाली. इथले डेन एकेक करून मेले, पळाले. १६५५पासून किल्ल्याचा कारभार एस्किल्ड कोंग्सबाक्के नावाच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या एका साध्या शिपाईगड्याच्या हाती आला. त्याने गावातल्याच लोकांच्या बळावर किल्ला सांभाळला, निशाण उतरू दिले नाही, आणि १६६९ साली मायदेशाचे जहाज आले तेव्हा तो जागेवर हजर होता. चौदा वर्षे वरिष्ठांचे पत्र नाही, पगार नाही, बदलीचा हुकूम नाही! आमच्या खात्यातील मंडळींना मी ही हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा की, त्या काळातली त्याची थकबाकी मिळाली का.

नायकांनंतर तंजावरास व्यंकोजीराजांचे मराठी राज्य आले आणि डेनांची खंडणी भोसल्यांकडे जाऊ लागली. संबंध नेहमीच गोडीचे होते असे नाही; १६९९ साली तंजावरच्या फौजेने ह्या गावाला वेढा घातला होता. परंतु ह्या दोन दरबारांच्या शेजारातून जे निष्पन्न झाले, त्याचे आपणांस विशेष वाटले पाहिजे. १७०६ साली त्सीगेनबाल्ग नावाचा जर्मन धर्मोपदेशक येथे उतरला. त्याला डॅनिश राजानेच पाठविले होते. तरीसुद्धा येथल्या डॅनिश किल्लेदाराने त्याला चार महिने तुरुंगात डांबले. तो गावकऱ्यांच्या मुलांबरोबर वाळूत बोटाने अक्षरे गिरवून तमिळ शिकला, असे सांगतात. त्याच्यासाठी छापखाना आला, तमिळ खिळे पाडले गेले, आणि १७१५ साली बायबलाचा नवा करार तमिळमध्ये छापून झाला. त्याने बांधलेले १७१८चे चर्च वेशीपासून किल्ल्याकडे जाणाऱ्या राजरस्त्यावर आहे आणि तो तेथेच चिरनिद्रा घेत आहे.

ह्याच मिशनमध्ये १७५० साली श्वार्ट्झ नावाचा आणखी एक जर्मन आला. तो पुढे तंजावरास गेला आणि पोरक्या सरफोजीचा पालक व शिक्षक बनला. तोच हा दुसरा सरफोजी, ज्याने सरस्वती महाल वाढविला. त्याने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आपल्या राजवाड्यात देवनागरी छापखाना घातला आणि इसापच्या गोष्टींचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक छापविले. मुंबईकडे मराठी छपाईने अजून मूळ धरले नव्हते. आपल्या मुद्रणाच्या आरंभीच्या पाऊलखुणा शोधू लागलो तर त्या पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर नव्हे, ह्या वाळूत सापडतात.

१८४५ साली डेन लोकांनी आपल्या हिंदुस्थानातील वसाहती साडेबारा लक्ष रुपयांना इंग्रजांना विकल्या. काही वर्षे जिल्ह्याची कचेरी येथे होती. १८६० साली ती तंजावरास हलली. लगेच पुढच्या साली आगगाडी आली ती नागपट्टिनमला. झाले! तरंगंबाडीचे दैव तेथेच आटोपले. आज राजरस्त्यावर दुपारी शेळ्या तेवढ्या हिंडत असतात.

किल्ल्याच्या उत्तरेस, अगदी पाण्याच्या कडेला, मासिलामणिनाथाचे शिवालय आहे. १३०६ सालचे, पांड्य राजा मारवर्मन् कुलशेखराच्या काळचे. त्याचा पुढचा बराच भाग समुद्राने नेला. आता दगडांचा बांध घातला आहे आणि उरलेला भाग त्याच्या आडोशाने उभा आहे. एका संध्याकाळी जाळे दुरुस्त करीत बसलेल्या म्हाताऱ्या कोळ्याला मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये विचारले, “अय्या, देऊळ पूर्वी कुठवर होते?” त्याने मान वर न करता हातातली सुई लाटांच्या पलीकडे रोखली, आणि पुन्हा काम सुरू केले.

समुद्र तसा का वागतो? एक कारण जुनेच, वाळूच्या सरकण्याचे. दुसरे मात्र आपल्या हातचे आहे. नदीने गाळ आणावा, लाटांनी तो न्यावा, आणि पुन्हा नदीने आणावा, असा हा व्यवहार होता. १९३४ साली मेट्टूरचे धरण झाले, त्याआधी व नंतरही वरच्या अंगाला धरणे झाली. त्या पाण्यावर लाखो माणसांचे पोट चालते, तेव्हा धरणांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. परंतु जो गाळ धरणाच्या तळाशी बसतो तो किनाऱ्याला पोचत नाही. जमेची बाजू आटली आणि खर्च चालूच राहिला, तर शिल्लक किती दिवस टिकणार?

२६ डिसेंबर २००४ रोजी हा हिशेब एका सकाळी पुढे ठेवला गेला. त्सुनामीच्या लाटांत तेव्हाच्या नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. तरंगंबाडी त्याच जिल्ह्यात होती. उंचवटाच नसलेल्या मुलखात पळून जायचे कुठे?

म्हणूनच तिसरा दिवस पिच्चावरमला द्यावा. चिदंबरमच्या नटराजाचे दर्शन सकाळी घ्यावे आणि तेथून पंधरा किलोमीटरांवरच्या ह्या खारफुटीच्या रानात होडीने हिंडावे. वेळ्ळार आणि कोळ्ळिडम् ह्यांच्या मुखांमध्ये सुमारे अकराशे हेक्टरांवर हे रान पसरले आहे. कोकणातील श्रोत्यांना येथे ओळखीची मंडळी भेटतील: तिवर, कांदळ. पाण्याच्या अरुंद गल्ल्या, वर फांद्यांची कमान, दोन्ही बाजूंनी चिखलात रोवलेली आधारमुळे, आणि वल्ह्याखेरीज आवाज नाही.

हे रान एकदा मरू घातले होते. पूर्वी जंगलखात्याच्या पद्धतीप्रमाणे त्याचे पट्टे आळीपाळीने सरसकट तोडीत. उघडी पडलेली जमीन उन्हाने सुकून खचली आणि तिला बशीसारखा आकार आला. भरतीचे पाणी आत येई, पण येथली ओहोटी दुबळी असल्याने ते परत फिरेना. ते तेथेच आटे आणि मीठ मागे ठेवी. अशा जमिनीत तिवरसुद्धा उगवत नाही. १९९०च्या दशकात चेन्नईच्या स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने वनखाते व गावकरी यांच्या साहाय्याने माशाच्या काट्यासारखे चर खणले. पाणी येऊ-जाऊ लागले, मीठ धुऊन गेले, रोपे धरली. एवढाच उपाय. त्सुनामीनंतर २००५ साली काही संशोधकांनी ह्याच किनाऱ्याची पाहणी करून दाखविले की, दाट झाडीच्या मागच्या गावांचे नुकसान कमी झाले; त्यांचा प्रमुख डेन्मार्कचाच होता, हा योगायोग मला मौजेचा वाटतो. जमिनीची उंची व समुद्रापासूनचे अंतर हेही मोजले पाहिजे असा आक्षेप इतरांनी घेतला, आणि तोही रास्त आहे. पण त्या झाडीत तासभर घालविलेल्या माणसाला तिचा आधार वाटतो, हे खरे.

नागपट्टिनमविषयी थोडक्यात सांगतो. राजराज चोळाच्या काळी श्रीविजयच्या राजाने येथे चूडामणि नावाचा बौद्ध विहार बांधला होता. त्याचा अखेरचा मनोरा १८६७ साली पाडला गेला, आणि आता पाहण्यासारखे काही उरलेले नाही. वेळांकण्णीची जत्रा करायची नसेल तर वाकडी वाट करू नये.

मनोरा म्हटल्यावर शेवटचा दिवस कोणता हे सांगावयास हवे. तो मात्र तंजावराहून करायचा. दक्षिणेला पट्टुकोट्टैवरून किनाऱ्यावर सरभेंद्रराजपट्टिनम् गाठायचे. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळविलेल्या विजयाचे स्मारक म्हणून सरफोजीने १८१४-१५ साली येथे षट्कोनी, आठ मजली मनोरा बांधला. गावकरीही त्याला ‘मनोरा’च म्हणतात. भिंतीवरच्या लेखांत एक मराठीत आहे. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांची वंशावळ कोरविणारा हा राजा, १७९९च्या तहाने राज्य गमावून बसलेला, आणि दुसऱ्याच्या विजयाचा लेख आपल्या भाषेत लिहवितो! तो लेख वाचताना मला अभिमान वाटावा की संकोच, हे ठरविता आले नाही, दोन्ही वाटले.

समोरचा समुद्र पाल्कच्या सामुद्रधुनीचा, उथळ आणि शांत. तळाशी समुद्रगवताची कुरणे आहेत आणि त्यांवर चरणारी समुद्रगाय अजून येथे तग धरून आहे; तिच्यासाठी तमिळनाडू सरकारने २०२२ साली ह्या भागातील ४४८ चौरस किलोमीटर समुद्र राखून ठेवला. मी दोन तास काठावर बसलो. ती काही दिसली नाही. पट्टुकोट्टैची बस पाच वाजता आहे असे चहावाल्याने सांगितले होते. ती साडेपाचला आली.