मोड आलेली नाचणी

बोर्ली पंचतनहून समुद्राच्या बाजूला उतरलं की दिवेआगरच्या नारळ-सुपारीच्या वाड्या लागतात आणि बाहेरून येणारा त्यालाच कोकण समजतो. पाठीमागच्या डोंगरउतारांकडे त्याची नजर जात नाही. श्रीवर्धन तालुक्याचं जुनं धान्य मात्र त्या उतारांवरचं. भाताला पाणी ठरत नाही अशा वरकस जमिनीत राब भाजायचा, नाचणीची रोपं करायची, पाऊस लागला की ती उपटून उतारावर लावायची आणि दिवाळीच्या आसपास कणसं खुडायची. तांदूळ सणावाराला आणि नाचणीची भाकरी रोजच्याला, जोडीला सुकट नाहीतर जवळा, असा किनाऱ्यालगतच्या कष्टकरी घरांचा हिशेब होता.

तो हिशेब मोडला. रेशनवर तांदूळ-गहू स्वस्तात येऊ लागला, तरणी माणसं मुंबईला गेली, लावणीला हात मिळेनात, रानडुकरांचा आणि माकडांचा त्रास वाढला आणि वरकस ओस पडली. मग २०१८ साली केंद्र सरकारने नाचणीसारख्या भरडधान्यांना पोषक धान्यांचा दर्जा दिला, २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून पाळलं, आणि उतारावरून गेलेली नाचणी दुकानात बिस्किटांच्या पुड्यातून परत आली. तिचं परत येणं मला हवंच आहे. फक्त ती पुड्यात किती उरते आणि तिचे पैसे कुणाच्या हाती पडतात, हे पाहायला हवं.

नाचणीचं बळ कॅल्शियमचं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं आहे. पांढऱ्या तांदळात ते दहाच्या आत असतं. चोथाही भरपूर. प्रथिनं मात्र सात टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तांदळापेक्षा जास्त नाहीत. म्हणून तिला मूग, हुलगा किंवा सुकटीची जोड लागते. शिवाय तिच्यातलं फायटिक आम्ल कॅल्शियम आणि लोह धरून ठेवतं आणि अंगी लागू देत नाही. त्यावरचा उपाय कोकणातल्या बायकांना प्रयोगशाळा निघण्याच्या कितीतरी आधी सापडला होता: मोड आणायचे.

नाचणीला वरी-सावा यांच्यासारखं घट्ट टरफल नसतं, त्यामुळे भरडायची यातायात वाचते. पण दाणा एवढा बारीक की निवडणं अशक्य, आणि खळ्यावरचे खडे नेमके त्याच मापाचे. म्हणून नाचणी आधी रोळायची. भांड्यात पाणी घालून हलक्या हाताने गोल फिरवायचं, वरची नाचणी पाण्यासकट दुसऱ्या भांड्यात ओतायची, तळाचे खडे टाकायचे, आणि कचकच पूर्ण जाईपर्यंत पुन्हा तेच. मग रात्रभर भिजत, सकाळी रोवळीत निथळत, आणि ओल्या फडक्यात पुरचुंडी बांधून ठेवायची. दिवस-दीड दिवसात फडक्याच्या विणीतून पांढरे कोंब डोकावतात. पुरचुंडीत हात घातला तर आत ऊब लागते आणि ओल्या मातीसारखा गोडसर वास येतो. वास आंबट झाला किंवा बोटांना तार लागली की तो घाणा गेला. मोड आलेली नाचणी पातळ पसरून वाळवायची, तळहातांत चोळून मोड झाडायचे, पाखडायची, मंद आचेवर भाजायची आणि दळायची.

मोड येताना दाण्यात अमायलेझ नावाचं विकर तयार होतं आणि ते पिष्टाचे लांब साखळदंड तोडतं. साध्या पिठाची पेज शिजली की गच्च होते. बाळाला भरवायची तर ती पाण्याने सैल करावी लागते, आणि मग एवढ्याशा पोटात पाणीच जास्त जातं. मोडाच्या पिठाची पेज दाट केली तरी वाटीतून ओघळते, म्हणजे त्याच वाटीत अन्न जास्त मावतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गुणावर काम केलं: मोडाचं पीठ चमचाभर घातलं तरी गच्च लापशी सैल होते, हे त्यांनी दाखवलं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतही मोडाच्या नाचणीच्या बालआहारावर मोठं काम झालं. पूर्व आफ्रिका हे नाचणीचं मूळ घर. तिथेही मोड आणलेल्या नाचणीची पेयं चालत आली आहेत.

इथे एक खाचखळगा आहे. खमंगपणासाठी मोडाची नाचणी लालसर होईपर्यंत भाजली की विकर मरतं आणि पेज पुन्हा गच्च होते. बचतगटाच्या पुड्यांत ही चूक बरेचदा होते, कारण गिऱ्हाईक वास घेऊन माल घेतं. बरा मार्ग असा की मुख्य पीठ खमंग भाजावं आणि न भाजता नुसतं वाळवून दळलेलं थोडं मोडाचं पीठ वेगळ्या पुडीत द्यावं. पेज शिजून कोमट झाली की ते ढवळायचं, ती सैल झाली की पुन्हा एक उकळी आणायची.

वस्त्रगाळ सत्त्वाबद्दलही बोललं पाहिजे, कारण कोकणात त्याला मोठा मान आहे. भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून, खाली बसलेला साका वाळवला की मऊसूत सत्त्व मिळतं. पचायला हलकं, यात शंका नाही. पण नाचणीचं कॅल्शियम आणि चोथा यांचा मोठा वाटा सालीत असतो आणि तो फडक्यात राहतो. हाडांसाठी नाचणी खायची तर साल ठेवूनच दळलेली बरी.

बिस्किटांचं तर सरळ आहे. नाचणीत ग्लूटेन नाही, म्हणून कणीक जुळत नाही आणि भाकरीलाही उकळत्या पाण्याची उकड लागते. कारखाना ही अडचण मैदा घालून सोडवतो. पुड्यावरची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं कायद्याने बंधनकारक आहे. यादीत मैदा आणि साखर आधी आणि नाचणी मागे असेल, तर तो माल मैद्याचा.

रायगड जिल्ह्यात नाचणीवरच्या प्रक्रियेच्या कामाला आधार आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नाचणीचे ‘दापोली-१’, ‘दापोली सफेद’ असे वाण दिले. ‘सफेद’च्या पांढऱ्या दाण्याचे पदार्थ काळपट दिसत नाहीत, म्हणून शहरी गिऱ्हाईक नाक मुरडत नाही. याच विद्यापीठाची काढणीपश्चात व्यवस्थापनाची पदव्युत्तर संस्था आणि कृषी विज्ञान केंद्र दोन्ही किल्ला-रोह्याला आहेत. २०२० साली आलेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत यंत्रांना ३५ टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत अनुदान ठेवलं होतं आणि बचतगटाला प्रत्येक सदस्यामागे चाळीस हजारांचं बीजभांडवल.

माझ्या मते इथे दळणयंत्राआधी वाळवणयंत्र हवं. किनाऱ्याची हवा दमट, जून ते ऑक्टोबर ऊन भरवशाचं नाही, आणि मोडाच्या नाचणीला वाळायला उशीर झाला की बुरशी धरते. उन्हाळ्यातच काम करायचं म्हटलं तर वर्षभर माल पुरवता येत नाही आणि दुकानदार पाठ फिरवतो. चार गावांत मिळून एक सौरवाळवणी असेल तर ही अडचण सुटते.

याला निसर्ग चक्रीवादळाचीही बाजू आहे. ३ जून २०२० ला त्या वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या आडव्या केल्या. पुन्हा लावलेल्या नारळ-सुपारीला फळ धरायला वर्षंच्या वर्षं जातात. नाचणी चार महिन्यांत घरात येते आणि कीड सहसा लागत नसल्याने कणगीत वर्षानुवर्षं टिकते.

२०२५-२६ साठी नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये, म्हणजे किलोला ४९ सुद्धा नाही. उतारावर वाकून लावणी करणाऱ्या बाईला एवढ्यावर परवडत नाही. तिनेच रोळून, मोड आणून, वाळवून पीठ विकलं तर मधली कमाई तिच्याकडे राहते, आणि गिऱ्हाईक शोधायला तिला मुंबई गाठायची गरज नाही. दिवेआगरला दर शनिवार-रविवारी घरगुती खोल्या भरतात आणि तिथल्या पाहुण्यांना सकाळी पोहे-उपमा मिळतो. तोच नाश्ता मोडाच्या नाचणीच्या घावनांचा आणि ताकातल्या आंबिलीचा झाला, तर बोर्लीच्या आसपासच्या वरकशीला पुन्हा लावणीचं कारण मिळेल.