टेकडीवरचं विद्यापीठ

वर्ध्याला आपण बँकेच्या कामाला, बाजाराला जातो. पण हे शहर वसलं कसं?

१८६२ साली नागपूरपासून वेगळा जिल्हा झाला, तेव्हा कचेरी पुलगावजवळ कवठ्याला होती. १८६६ मध्ये पालकवाडी या लहानशा गावाच्या जागी शहर वसवलं, नाव नदीचं दिलं. १९३६ साली गांधीजी शेजारच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. पुढे १९९७ मध्ये त्यांच्याच नावाचं हिंदी विद्यापीठ स्थापन झालं, ते इथल्या टेकड्यांवर आहे.

बारावीनंतर पोरीला शिकवायचं की नाही, हा विषय आमच्या गटात दरवर्षी निघतो. ‘विद्यापीठ लांब असतं’ हे कारण आपल्या जिल्ह्यात तरी चालायचं नाही. एकदा पोरीला घेऊन ती टेकडी चढून या.