शॅडो टीचर म्हणजे कोण? स्वमग्न मुलांच्या वर्गातली ही ‘दुसरी टीचर’ काय करते?

मुंबई-पुण्यातल्या काही शाळांमध्ये एक टीचर फळ्याजवळ असते आणि दुसरी एका मुलाच्या बाकाशेजारी. ही दुसरी म्हणजे शॅडो टीचर. स्वमग्न, म्हणजेच ऑटिझम असलेल्या मुलाला सगळ्यांसोबत एकाच वर्गात शिकता यावं, यासाठी ती असते.

काम काय असतं?

शिकवण्याची जबाबदारी वर्गशिक्षिकेचीच. शॅडो टीचर मधले अडथळे कमी करते. ‘वही काढा, तारीख लिहा, फळ्यावरचं उतरवून घ्या’ अशा सूचना एकदम आल्या की काही मुलं पहिल्या सूचनेवरच अडकतात. मग ती एकेक सूचना वेगळी करून सांगते किंवा चित्रातून दाखवते. पीटीचा तास रद्द झाला, तर आधीच कल्पना देते, कारण अचानक झालेला बदल अनेक स्वमग्न मुलांना झेपत नाही. गोंगाट असह्य झाला, तर थोडा वेळ शांत जागी नेते. इतरांना ‘हट्ट’ वाटणारं वागणं बऱ्याचदा हा त्रासच असतो.

सगळ्यात अवघड काय?

मदत न करणं! हात धरून लिहून घेणं सोपं असतं. पण त्याची सवय लागली, तर मूल इशाऱ्याशिवाय पेन्सिलही उचलत नाही. म्हणून मदत टप्प्याटप्प्याने कमी करतात: आधी हात धरून, मग बोट दाखवून, मग नुसती वाट पाहून. मधल्या सुट्टीतही थोडं लांब राहावं लागतं. मोठं माणूस सतत सोबत असेल, तर इतर मुलं खेळायला बोलवायला बिचकतात.

कायदा काय सांगतो?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये स्वमग्नता आहे. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी मुलाला गरजेनुसार सहाय्य द्यावं, असं कलम १६ सांगतं. पण ‘शॅडो टीचर’ असं पद या कायद्यात नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्राथमिक वर्गांसाठी १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे १ शिक्षक हे प्रमाण सांगितलं, तेही विशेष शिक्षकांसाठी. त्यामुळे खासगी शाळांमध्ये शॅडो टीचरचा पगार अनेकदा पालकच देतात. ज्यांना तो परवडत नाही, त्यांच्या मुलाचं वर्गात टिकणंच अवघड होतं.

पालकांनी काय विचारावं?

शॅडो टीचर नेमताना अनुभव आणि प्रशिक्षण विचाराच. सोबत आणखी एक प्रश्न विचारा: ‘सहा महिन्यांनी माझं मूल तुमच्याशिवाय कोणती गोष्ट करू शकेल?’