विश्लेषण : घरच्या वाय-फायला मोबाइल नंबरचाच पासवर्ड? धोका नेमका काय?

फायबर कनेक्शन जोडायला येणारा मुलगा घाईत असतो. बॉक्स भिंतीला लावला, लाइट हिरवा झाला की तो विचारतो, ‘‘पासवर्ड काय ठेवू? मोबाइल नंबरच टाकतो, लक्षात राहील.’’ आपणही मान डोलावतो. पुढची चार-पाच वर्षे त्या पासवर्डला कुणी हात लावत नाही. बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांकडे तुमचा नंबर असतो, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात येत नाही.

दुसऱ्याने नेट वापरले तर बिघडले कुठे?

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. त्याचा आयपी पत्ता शोधत पोलीस पोहोचले ते नवी मुंबईत, सानपाड्यातील एका फ्लॅटवर. तिथे राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाच्या वाय-फायला पासवर्डच नव्हता. चौकशीचा ससेमिरा मात्र त्याच्या मागे लागला. स्फोटांशी त्याचा संबंध नसल्याचे नंतर स्पष्ट झाले. पुढच्या दोन महिन्यांत माटुंग्यातील एका कॉलेजचे आणि चेंबूरमधील एका कंपनीचे वाय-फायही असेच वापरले गेले. तपासाचा धागा आधी कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात येतो, ही गोष्ट आजही बदललेली नाही. फुकटात कुणी सिनेमा पाहिला, एवढ्यापुरता हा प्रश्न नाही.

मोबाइल नंबर ओळखणे इतके सोपे?

ओळखावा लागतच नाही. तुमचा फोन राऊटरला जोडला जाताना दोघांत जी देवाणघेवाण होते, ती जिन्यात उभे राहूनही टिपता येते. त्यानंतर तुमच्या घराजवळ थांबण्याची गरज नाही. टिपलेल्या माहितीवर एकेक पासवर्ड लावून पाहण्याचे काम कॉम्प्युटर करतो. भारतातला मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. आकडा मोठा वाटतो, पण चांगले ग्राफिक्स कार्ड असलेल्या गेमिंग कॉम्प्युटरला हे काही तासांचे काम आहे. मुलीचे नाव आणि पुढे १२३ लावणे हा त्याहून सोपा घास.

त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा. कांदेपोहे, लोकल, छत्री, आजोळ असे काहीही. इंग्रजी अक्षरांत लिहिले की झाले. लांबी वाढली की कॉम्प्युटरची दमछाक होते आणि आपल्याला पाठही राहते.

दुसरा पासवर्ड कोणता?

इथे बहुतेकांची गफलत होते. वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा वेगळा. हा दुसरा पासवर्ड अनेक घरांत अजून ‘अॅडमिन’ हाच असतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या मालवेअरने याचाच फायदा घेतला. कंपन्यांनी दिलेल्या मूळ नाव-पासवर्डच्या साठेक जोड्या त्याच्याकडे होत्या. तेवढ्यावर त्याने जगभरातील लाखो कॅमेरे, राऊटर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला ‘डिन’ या कंपनीवर हल्ला करण्यासाठी त्यांची फौज वापरली गेली. ट्विटर, नेटफ्लिक्स अनेकांसाठी काही तास ठप्प झाले. ज्यांचे कॅमेरे त्यात राबत होते, त्या घरमालकांना पत्ताही नव्हता. उपकरण बंद करून चालू केले की मिराई निघून जाई. पण पासवर्ड तोच असेल तर काही मिनिटांत परत येई.

बदल करायचे कुठे?

फोन घरच्या वाय-फायला जोडा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका. नेमका पत्ता राऊटरच्या खालच्या स्टिकरवर असतो. काही कंपन्यांच्या अॅपमधूनही हे होते. आधी अॅडमिनचा पासवर्ड बदला. मग सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए ३ असेल तर तो निवडा; जुना प्रिंटर जोडला जात नसेल तर डब्ल्यूपीए २. डब्ल्यूईपी दिसले तर राऊटरच बदलायची वेळ झाली आहे. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नावे दिसत असतील तर पासवर्ड दोन्हीकडे बदलावा लागतो. बटण दाबून जोडणी करून देणारी डब्ल्यूपीएस सोय बंद करा. तिच्या आठ आकडी पिनमधील कच्चा दुवा २०११ मध्येच उघड झाला आहे. बाहेरून राऊटर हाताळू देणारे ‘रिमोट मॅनेजमेंट’ही बंद हवे. फर्मवेअर अपडेट दिसला तर करून टाका. नेटवर्कचे नाव लपवण्याचा सल्ला अनेक जण देतात. त्याने फारसे काही साधत नाही.

पाहुणे, भाडेकरू, कॅमेरे यांचे काय?

‘गेस्ट नेटवर्क’ची सोय यासाठीच असते. पाहुण्यांइतकीच ती स्मार्ट टीव्ही आणि स्वस्तातल्या कॅमेऱ्यांसाठीही उपयोगी, कारण त्यांना वर्षानुवर्षे अपडेट मिळत नाहीत. कॅमेऱ्यात कुणी शिरलाच तरी तुमच्या लॅपटॉपपर्यंतची वाट सहसा बंद राहते. खोली सोडून गेलेल्या भाडेकरूच्या फोनमध्ये मात्र तुमचा पासवर्ड जतन असतो, क्यूआर कोडने तो पुढेही देता येतो. म्हणून भाडेकरू बदलला की पासवर्डही बदला.

एक सावधगिरी. अॅडमिनचा पासवर्ड आठवत नाही म्हणून टाचणीने मागचे रिसेट बटण दाबू नका. कंपनीने भरलेली कनेक्शनची माहितीही त्यात पुसली जाऊ शकते आणि इंटरनेटच बंद पडते. आधी कस्टमर केअरला फोन करा. आणि हे काम रविवारी सकाळी करा. पासवर्ड बदलला की टीव्हीपासून दारावरच्या कॅमेऱ्यापर्यंत सगळे पुन्हा जोडायला अर्धा तास सहज जातो.